जन्मखुणेवर लक्ष ठेवा

बाळाच्या अंगावर काळा डाग दिसला की 'ग्रहण लागलं' म्हणत आईला बोल लावतात. हे साफ खोटे आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एके जागी गोळा झाल्या की तीळ किंवा जन्मखूण होते. त्यात आईचा दोष नाही.

बहुतेक जन्मखुणा आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. लहान खुणेत कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते. मात्र मोठेपणी २० सेंटिमीटरहून मोठी होईल अशी खूण असेल, तर धोका वाढतो आणि तो लहान वयातच जास्त असतो. अशा बाळाला आधीच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. या कर्करोगाला 'मेलॅनोमा' म्हणतात. तो उशिरा सापडला तर रक्तावाटे फुप्फुस, यकृत, मेंदूपर्यंत पसरतो.

मूल वाढते तशी खूणही त्याच प्रमाणात वाढते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पुढील बदल दिसले तर थांबू नका :

• खूण एका बाजूनेच वाढणे, कडा वेड्यावाकड्या होणे
• एकाच खुणेत काळा, तांबूस, निळसर असे वेगळे रंग दिसणे
• आत नवी गाठ येणे
• रक्त, खाज, किंवा न भरणारी जखम

महिन्यातून एकदा उजेडात खूण पाहा. शेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे बदल कळेल. पाठीवरची खूण घरातल्या दुसऱ्याने पाहावी. सावळ्या माणसांत हा रोग तळपायाला, तळहाताला आणि नखाखालीही होतो. तेथील नवा काळा डाग किंवा नखातली काळी रेघ डॉक्टरांना दाखवा.

चुना लावणे, केसाने बांधणे, ब्लेडने कापणे, पार्लरमध्ये जाळून घेणे असले प्रकार करू नका. त्याने खरा रोग झाकला जातो. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूतही चुकीची आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. रोग वरच्या थरातच असताना शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. आधी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. उपचार लागले तर शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. या योजनेत कर्करोगाचे उपचारही येतात.