आंबायला ऋतू लागतो

सहाय्यक रेक्टरने वार्षिकांकात बियरवर लेख लिहावा का, यावर संपादक मंडळात म्हणे बरीच चर्चा झाली. शेवटी "सर, एखादं समीकरण टाका, म्हणजे लेख शैक्षणिक होईल" अशी तडजोड निघाली. तर मित्रहो, हे घ्या समीकरण. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. वजनात सांगायचं तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. काम यीस्टचं, मजुरी साखरेत. बियर, वाईन, ताडी, मोहाची दारू, इतकंच काय, आपल्या मेसमधल्या पावाचं फुगणंसुद्धा याच एका ओळीत बसतं.

मग याच ओळीला पुण्यात 'क्राफ्ट' म्हणतात आणि आमच्या अड्याळकडे 'गावठी' म्हणतात, ते कसं काय? उत्तर अर्धं उष्णतेच्या हिशेबात आहे आणि अर्धं कायद्यात. मी केमिकलचा माणूस, त्यामुळे उष्णतेपासून सुरुवात करतो.

अड्याळ म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं माझं गाव. धानाचा मुलूख. बांध्या, तलाव आणि धुऱ्याधुऱ्यावर मोहाची झाडं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि जानेवारीत पहाटे १० पर्यंत खाली. यीस्टच्या नजरेने पाहिलं तर हे एक गाव नव्हे, तीन-चार वेगवेगळे देश आहेत.

का, ते पाहा. साखर आंबताना उष्णता बाहेर पडते, एका किलोमागे साधारण ५८० किलोज्यूल. आता एक लिटर रस घ्या, त्यात आंबण्याजोगी साखर १०० ग्रॅम. म्हणजे ५८ किलोज्यूल. एक लिटर रस एक अंशाने तापवायला साधारण ४.१ किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं १४ अंश. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर रस स्वतःच्याच जोरावर १४ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात भांड्यातून बरीच उष्णता निघून जाते, पण टाकी जितकी मोठी तितकं तिचं पृष्ठफळ घनफळाच्या मानाने कमी, हे थर्ड इयरवाल्यांना तरी सांगायला नको. अड्याळला मे महिन्यात ३५ अंशांवर सुरुवात केली तर बियरचं यीस्ट ४० ओलांडून कधी गारद होईल, कळणारही नाही. मरण्याआधी ते चवीचं जे वाटोळं करतं ते वेगळंच.

यीस्टच्याही दोन मोठ्या जाती. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत खूष असतं, काम भराभर करतं आणि काम करता करता फळांसारखे वास सोडतं. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांत सावकाश काम करतं, नंतर थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि बियर स्वच्छ, कोरडी होते. हे दुसरं यीस्ट संकरित आहे. त्याच्या दोन जन्मदात्यांपैकी थंडी सोसणारा पक्ष कोण, हे कोडं २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सुटलं. अड्याळच्या जानेवारीत लागर जमेल का, असा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. पहाट चालते, पण दुपारी पारा २८ ला जातो. आमचा हिवाळा अर्ध्या दिवसाचा, लागरला चोवीस तासांचा लागतो.

बव्हेरियाच्या लोकांनी हीच गोष्ट समीकरणाशिवाय ओळखली होती. तिथल्या ड्यूकने १५५३ मध्ये हुकूमच काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बियर गाळायची नाही. उन्हाळ्यातली बियर नासते, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. यीस्ट ही सजीव वस्तू आहे हे कळायला पुढे तीनशे वर्षं गेली. मग उन्हाळ्यात प्यायचं काय? मार्चमध्ये जरा कडक बियर करून बर्फ भरलेल्या तळघरात ठेवायची आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवून पुरवून संपवायची. तिचं नावच 'मेर्त्सेन', मार्च महिन्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणचं घालून वर्षभर पुरवतात, त्यातलाच प्रकार.

हा ऋतू मोडला तो एका मास्तराने. कार्ल फॉन लिंडे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. १८७० च्या दशकात त्यांनी थंडी तयार करणारं यंत्र बांधलं आणि ते सगळ्यात आधी विकत घेतलं ते बियरवाल्यांनी. तुम्ही रेफ्रिजरेशनच्या पेपरला व्हेपर कम्प्रेशन सायकल घोकता ना, तिला पहिलं मोठं गिऱ्हाईक बियरने दिलं. आपल्या देशात त्याआधी दुसरा उपाय होता, थंडी जिथे आहे तिथे जाणं. एडवर्ड डायरने १८५० च्या दशकात बियरचा कारखाना काढला तो कसौलीच्या डोंगरावर, तो यामुळेच. लिंडेनंतर डोंगराची गरज उरली नाही. मे आणि डिसेंबर सारखे झाले. बाटलीची चव बारमाही एकच. कारखान्याच्या दृष्टीने हा विजय होता, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याच यंत्रामुळे आपल्याला दूध आणि लसी मिळतात. पण बियरमधून कॅलेंडर गेलं ते गेलंच.

क्राफ्ट बियर म्हणजे ते कॅलेंडर मुद्दाम परत आणणं. छोटी टाकी, थोडा माल आणि बहुतेक वेळा पाश्चरायझेशन नाही, त्यामुळे काही आठवड्यांत संपवावी लागते. आता जी वस्तू टिकतच नाही ती बारमाही एकसारखी ठेवण्यात काय मतलब? म्हणून उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरी. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यात झाली, २००९ मध्ये, 'डूलली' या नावाने. हे नाव आलंय आपल्या देवळालीवरून. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे. जहाजं सुटायची हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मार्चनंतर पोचलेला बिचारा उन्हाळा-पावसाळा तिथेच काढायचा. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलली' म्हणजे चक्रम. म्हणजे इथेही मुळाशी हंगामच!

पुण्याला एका कार्यशाळेसाठी माझं दोन-तीनदा जाणं झालं, तेव्हा संध्याकाळी ही नवी शाळाही बघून घेतली. (वय वर्षं एकेचाळीस. आपल्या राज्यात बियरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, परवाना वेगळा. वसतिगृहात काय नियम आहे ते माझ्याच सहीच्या नोटीसवर लिहिलंय.) एप्रिलमध्ये गव्हाची बियर घेतली. गढूळ, हलकी, आणि नाक जवळ नेलं तर चक्क पिकलेल्या केळ्याचा वास. केळं त्यात औषधालाही नसतं. तो वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, एस्टरच्या प्रॅक्टिकलला ज्याने सगळी लॅब घमघमते तोच. त्या जातीचं यीस्ट हा एस्टर स्वतः बनवतं, आणि टाकी दोन-चार अंशांनी गरम ठेवली तर साधारणपणे जास्त बनवतं. तापमान ही चव आहे, हे वाक्य मी वर्गात दहा वर्षं बोलतोय, पण जिभेवर ते त्या दिवशी आलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा स्टाऊट घेतली. ती काळी दिसते, कारण तिच्यात कॉफीच्या बियांसारखं भाजलेलं जव असतं. चव कडसर, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ही बर्फासारखी थंड प्यायची नाही. गार जिभेला वास कळत नाहीत. वेटरने ग्लास आणला, मी तो दहा मिनिटं नुसता समोर ठेवून बसलो. त्याला वाटलं सरांना आवडली नाही. पुण्यातल्याच ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून एल काढली आहे. कोकमाचं सरबत आणि बियर एका ग्लासात नांदतात, हे माझ्या कोकणी सहकाऱ्याला अजून पटलेलं नाही.

आता या सगळ्यात मला राहून राहून आठवायचं ते गाव. स्थानिक फळ, ठरावीक महिना, छोटं भांडं, दर वेळी थोडी निराळी चव: क्राफ्टची जी लक्षणं तिथल्या फळ्यावर खडूने लिहिलेली असतात, ती आमच्या मोहाला पहिल्यापासून लागू आहेत.

मोहाचं झाड फाल्गुन-चैत्रात जवळजवळ निष्पर्ण होतं आणि फुलतं. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. जाड, रसाळ, फिक्या पिवळट पाकळ्या. उन्हं चढायच्या आत त्या वेचायच्या, नाहीतर गुरं आहेत, हरणं आहेत आणि जंगलाच्या बाजूला अस्वल. आमच्याकडे पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन निघतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. उसाला ती मिळवायला चरक लागतो, जवाला मोड आणावे लागतात. मोह ती तयार जमिनीवर टाकतो. आमची आजी ओली फुलं ढीग करून ठेवू द्यायची नाही. "ओले ठेवले त फसफसतेत ना बापा!" म्हणायची. मायक्रोबायॉलॉजीचं पहिलं लेक्चर मला तिने दिलं. अंगणात पसरून मनुक्यासारखी तपकिरी झाली की भरून ठेवायची. त्याचे लाडू होतात, भाकरीत घालतात, गुरांनाही देतात. आणि हो, दारूही होते.

इथे एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. बियर आंबवली की झाली. मोह आंबवल्यावर पुढे भट्टीवर चढतो, त्याचं ऊर्ध्वपातन होतं. मडक्यावर मडकं, माथ्यावर गार पाण्याचं भांडं, ते तापलं की पाणी बदलायचं. कंडेन्सरच तो. त्यामुळे बियरपेक्षा ती कितीतरी कडक, आणि दोघींना एका मापात तोलता येणार नाही. तिच्यापायी उद्ध्वस्त झालेली घरं मी गावात पाहिली आहेत. शेजारच्या गडचिरोलीत बायकांनी रस्त्यावर उतरून दारूबंदीसाठी झगडा दिला आणि १९९३ पासून तिथे बंदी आहे, ती काही कोणाला हौस होती म्हणून नाही.

पण फुलाचा त्यात काय गुन्हा? मुंबई इलाख्यात इंग्रज सरकारने १८९२ मध्ये मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला आणि ठाणे, कुलाबा भागात फूल गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं घातली. कारण सरळ होतं: घरची दारू बंद झाल्याशिवाय सरकारी अबकारी कराची दारू खपणार कशी? भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आमच्याही वाट्याला आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला; त्यात मोहही आहे. तरी फुलं किती ठेवायची, कुठे न्यायची यावर अबकारीची नजर होतीच. राज्य सरकारने ती बंधनं सैल केली ती २०२१ मध्ये. म्हणजे जे फूल वेचायचा हक्क होता ते घरात साठवायची धास्ती. मग बाई काय करणार? वेचलं की लगेच, पडेल त्या भावाने व्यापाऱ्याला विकणार. पावसाळ्यात तेच फूल महाग होतं, पण तेव्हा ते तिच्याकडे नसतं.

दरम्यान बाकीचे पुढे गेले. गोव्यात २०१८ पासून मोहाचं मद्य सुबक बाटलीत, चांगल्या किमतीला विकायला आलं. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा दिला आणि २०२३ मध्ये अलीराजपूरच्या आदिवासी बचतगटाची 'मोंड' बाजारात आली. तीच फुलं, तीच भट्टी, फक्त स्टेनलेस स्टीलची आणि लॅब रिपोर्टसकट.

लॅब रिपोर्ट हा शब्द मी सहज लिहिला नाही. आमच्याकडच्या चोरट्या भट्टीत नवसागर टाकतात, आणखी काय काय टाकतात ते न सांगितलेलं बरं. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जून महिन्यात विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ते विष आंबवण्यातून आलं नव्हतं. कारखान्यासाठीचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. वास, रंग, चव यांवरून मिथेनॉल ओळखता येत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ ओळखतो. पुण्यातल्या ग्लासात आणि गावच्या ग्लासात मला जो खरा फरक दिसतो तो हा. पहिल्याच्या मागे मोजमाप आहे, दुसऱ्याच्या मागे अंधार. कारागिरी दोन्हीकडे आहे.

आणि मोजमाप हे तर आपलं काम. मोहफूल जमिनीवर पडतं म्हणून त्यात माती येते आणि चांगल्या खाद्यपदार्थासाठी ते नाकारलं जातं. झाडाखाली जाळं बांधलं की हा प्रश्न सुटतो, शिवाय वेचणं सोपं व्हावं म्हणून पालापाचोळा पेटवतात आणि जंगलाला वणवा लागतो, तोही टळतो. सोलर ड्रायरमध्ये किती तासांत किती ओलावा उतरतो, कोणत्या तापमानाला साखर करपते, साठवताना ओलावा किती असला म्हणजे "फसफसतेत ना बापा" होत नाही, याचे साधे तक्ते तयार झाले तर बचतगटाला ते रोजच्या वापरात पडतील. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दर वर्षी तोच तो वॉटर लेव्हल इंडिकेटर करण्यापेक्षा हे बरं.

यंदा आपण विभागात एक छोटा प्रयोग करणार आहोत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची जी मुलं होळीला घरी जातील त्यांनी परत येताना पाव किलो ताजी मोहफुलं आणावीत. झाड कुठलं, धुऱ्यावरचं की जंगलातलं, आणि वेचलेली तारीख चिठ्ठीवर लिहावी. रिफ्रॅक्टोमीटरवर प्रत्येकाची साखर मोजून तक्ता नोटीस बोर्डावर लावू. फुलं कापडी पिशवीत आणा, प्लास्टिकच्या नको. आणि बसमधून उतरल्यावर आधी रूमवर न जाता सरळ लॅबमध्ये या, नाहीतर वाटेतच आंबायला लागतील आणि मग नोटीस मला स्वतःलाच काढावी लागेल.