पेढीतील सर्व घड्याळांस एकच वेळ

काळाच्या अविभाज्य अंशास आपल्या शास्त्रात 'समय' म्हणतात आणि ४८ मिनिटांच्या मुहूर्ताने आपण सामायिक मोजतो. काळाविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या आपल्या समाजात पेढीवरील घड्याळांची मात्र आबाळ असते. बिलाचे यंत्र एक वेळ दाखविते, गोदामातील कॅमेरा दुसरी, हिशेबाचा संगणक तिसरी. माल केव्हा बाहेर गेला असा तंटा उद्भवला, की बिल व चित्रण यांचा मेळ बसत नाही आणि खरा पुरावाही लंगडा पडतो.

यावर अल्प खर्चाचा उपाय आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. त्यांची वेळ रिसीव्हरने घेऊन रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामार्फत पेढीतील सर्व यंत्रांस पुरविता येते. इंटरनेट बंद पडले तरी हे कार्य चालू राहते.

रिसीव्हर घेताना 'पीपीएस' टोक असलेलाच घ्यावा. अँटेनास मोकळे आकाश दिसले पाहिजे. रिसीव्हरकडून दोन तारा महत्त्वाच्या. पहिली तार कोणता सेकंद चालू आहे ते सांगते, पण तो संदेश किंचित उशिरा पोहोचतो. दुसरी, पीपीएसची तार, प्रत्येक सेकंदाच्या आरंभी ठोका देते. या दुसऱ्या तारेवाचून खरी अचूकता येत नाही. ती जीपीआयओ १८ ला जोडावी. हे जोडपट्टीवरील १२ वे टोक होय, १८ वे नव्हे. पायच्या टोकांस ३.३ व्होल्टहून अधिक दाब लागू देऊ नये.

नंतर सिरियल पोर्टवरील लॉगिन बंद करून पोर्ट चालू ठेवावा, पीपीएसची नोंद आरंभीच्या कॉन्फिग फाइलमध्ये करावी आणि 'जीपीएसडी' व 'क्रोनी' हे प्रोग्राम बसवावेत. क्रोनीस संदेशावरून सेकंद ओळखण्यास व ठोक्यावरून क्षण धरण्यास सांगावे, तसेच पेढीच्या नेटवर्कास वेळ देण्याची परवानगी द्यावी. क्रोनीच्या यादीत पीपीएसपुढे तारा-चिन्ह दिसले, की जुळणी साधली असे समजावे.

जीपीएसची मूळ वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर हा फरक स्वतः वजा करतो. परंतु त्याची माहिती उपग्रहाकडून मिळण्यास साडेबारा मिनिटांपर्यंत अवधी लागू शकतो. म्हणून प्रथम चालू केल्यावर पाव तास थांबून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी पडताळा घ्यावा.

शेवटी कॅमेरे, बिलाची यंत्रे व संगणक यांच्या सेटिंगमध्ये वेळेच्या सर्व्हरच्या जागी या पायचा पत्ता भरावा. हे राहिले, तर वरील सर्व खटाटोप व्यर्थ होय. वहीतील रकमेइतकीच तिच्यापुढील वेळही खरी असावी, हा व्यवहारशुद्धीचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.