आर्किटेक्ट व्हायचंय? आधी फेरफार वाचा

आष्टी तालुक्यातल्या आमच्या कडा गावात बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो: पोराला नगरला ठेवायचं, संभाजीनगरला धाडायचं की थेट पुणं गाठायचं? २०२२ पासून नगरची रेल्वे कड्यात थांबते, त्यामुळे नगर जवळ आलं खरं. फी आणि मेसचा खर्च मात्र आवाक्यात यायचं नाव घेत नाही. त्यात मोबाइलवर जाहिराती येतात, ‘सहा महिन्यांत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हा’. पालकांनो, या जाहिरातींपायी कर्ज काढू नका. बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खातं यांची अख्खी संगणक व्यवस्था कशी उभी करायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, त्यातही एंटरप्राइझ आर्किटेक्ट. ही कुणाचीच पहिली नोकरी नसते. आठ-दहा वर्षं कोड लिहून, ऐन गर्दीत बंद पडलेली यंत्रणा चालू करून मग माणूस तिथं पोचतो.

मग आत्ता काय शिकायचं? व्यवहार बारकाईनं बघायला. त्यासाठी घरातला सातबारा पुरेसा आहे.

समजा, चुलत्यांनी दोन एकर घेतली. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत झालं, त्याची नोंद ‘आय-सरिता’ या प्रणालीत झाली. ही प्रणाली नोंदणी व मुद्रांक विभागाची. सातबारा मात्र महसूल विभागाकडे, त्यांची प्रणाली ‘ई-फेरफार’. पहिलीकडून दुसरीकडे फक्त वर्दी जाते. मग तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरतात, संबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हाच चुलत्यांचं नाव सातबाऱ्यावर चढतं.

लोकांना हा सगळा वेळखाऊपणा वाटतो. मला त्यात आर्किटेक्चरचे निम्मे धडे दिसतात. एका विभागानं दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, निरोप पाठवायचा. निबंधक कार्यालयातूनच सातबारा बदलता आला असता, तर हरकत घ्यायची भावकीची संधीच गेली असती. नोंद लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. आणि सर्वांत महत्त्वाचं, फेरफाराच्या नोंदवहीत जुनं खोडून नवं लिहीत नाहीत. नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक राहतो, पुढचा बदल नव्या क्रमांकानं येतो. बँकांच्या मोठमोठ्या प्रणालींमध्ये आज ज्याला ‘इव्हेंट सोर्सिंग’ म्हणतात, त्याच्या मुळाशी हेच आहे: आजची स्थिती तेवढी साठवू नका, ती कशी झाली याच्या सगळ्या नोंदी ठेवा.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्या संस्थेची प्रणाली घडते. म्हणून आर्किटेक्टला खात्यांमधली ताणाताणीही वाचता यावी लागते. निव्वळ कोडिंगवर जीव असलेल्या हुशार पोरांचं नेमकं इथंच अडतं.

अडचण आधीच ओळखायचा नमुना म्हणून ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. शिवारात रेंज नसली तर माहिती फोनमध्ये थांबली पाहिजे. रेंज आल्यावर घाईत दोनदा बटण दाबलं तरी नोंद एकच झाली पाहिजे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळं राज्य एकदम तुटून पडणार, हे धरूनच आखणी हवी. असे प्रश्न ज्याला आधी सुचतात, त्याला पुढं आर्किटेक्टचा पगार मिळतो. एआय कोड लिहून देईल. पण जमिनीच्या वाटणीत बहिणींची नावं राहिली तर काय, हे त्याला कुणीतरी विचारावं लागतं.

सरावासाठी कांद्याच्या विक्रीची पट्टी घ्या: वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम. त्याची छोटी प्रणाली बनवा आणि मग हमालीचा दर बदलून पाहा. गेल्या वर्षीच्या पट्ट्यांमधली रक्कमही बदलली, तर आखणी फसली. कुठला पर्याय निवडला, दुसरा का सोडला, हे पानभर मराठीत लिहून ठेवा. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा हे पान मला जास्त वजनदार वाटतं. आणि पट्टीच्या कामासाठी मायक्रोसर्व्हिसेसचा (एकाच कामाचे सुटे-सुटे छोटे प्रोग्राम) घाट घालू नका; कप्पे नीट पाडलेला एकच प्रोग्राम पुरे. एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या टोगॅफसारख्या प्रमाणपत्रांची घाई नको, ती नोकरीत मुरल्यावर. मार्टिन फाउलर यांचं २००२ चं ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ हे पुस्तक मात्र पदवीच्या तिसऱ्या वर्षाला जरूर चाळा.

या क्षेत्रात शिरायच्या वाटा तीन. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, बारावीनंतर एमएचटी-सीईटी, किंवा बीएस्सी, बीसीए करून एमसीए. तिसरी वाट कमी दर्जाची अजिबात नाही. कड्यातच अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे. पदवीची तीन वर्षं घरचं खाऊन निघाली तर एमसीएसाठी पैसा उरतो. गणित तेवढं सोडू नका. डेटाबेस आणि नेटवर्क यांचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग एनपीटीईएलवर फुकट आहेत.

प्रवेश ‘कॅप’ (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतूनच घ्या. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, पालकांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलात तर ती सवलत गेली. सवलतीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा. जूनमध्ये आष्टीच्या तहसीलला रांग असते आणि सर्व्हरही तेव्हाच बसतो.