एका बाजूनं जहाज बांधायचं नसतं

अगं, तो सागाचा तुकडा आधी खाली ठेव. कळतंय मला. आलापल्लीचं रान आणि बल्लारपूरचा डेपो यांची नावं ऐकतच आपण मोठ्या झालो, त्यामुळे लाकडी जहाज करायचं म्हटलं की हात सागाकडेच जाणार. खऱ्या जहाजाला सागासारखं दुसरं लाकूड नाही. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधली, १८१७ साली ती पाण्यात उतरली आणि इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. पण तिचा दीडशे फुटांचा तोफांचा मजला तुझ्या टेबलावर दीड फुटाचा होणार. जहाज शंभरपट लहान झालं, तरी सागाच्या रेषा थोड्याच लहान होतात! त्या भल्यामोठ्या दिसतात. वर साग तेलकट, गोंद मनापासून धरत नाही.

तू हळदू घे. पिवळसर, बारीक पोताचा, कंगव्यांसाठी वापरला जाणारा. फर्निचर करणाऱ्या सुतारकाकांकडे कापून उरलेले तुकडे असतात, ते माग. जंगलात कुऱ्हाड न्यायचं कारणच नाही.

आणि एकदम फळ्यांच्या जहाजाला हात घालू नकोस. आधी शिवणीच्या ठोकळ्यातून एक डोंगा कोर, आपल्या नद्यांवर चालतो तसा. पोट कुठं भरतं, टोक कुठून निमुळतं होतं, ते बोटांना कळू दे. मराठ्यांचं गुराब, ते लढाऊ जहाज, करायचं तुझ्या मनात आहे, ठाऊक आहे मला. ते पुढच्या खेपेला. गुराब वर्णनांवरून आणि चित्रांवरून उभं करावं लागतं, त्याला सरावलेला हात हवा. आपल्या नौदलाचं ‘कौंडिण्य’ जहाजही असंच अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलं, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून. पण त्यासाठी आधी आयआयटी मद्रासमध्ये छोटं मॉडेल पाण्यात तपासलं, मग कुठं ते २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं.

डोंगा जमला आणि फळ्यांच्या जहाजाचा नकाशा मिळाला की पहिलं काम झेरॉक्सचं. हसू नकोस. ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे घेऊन ‘जावा’ नावाचं जहाज मुंबईला निघालं होतं. १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ते गाठून नष्ट केलं आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. तुझा नकाशा चहाच्या कपानंही जाईल. मूळ प्रत कपाटात ठेव, झेरॉक्स प्लायवर चिकटव आणि त्यावरून कणा नि बरगड्या काप.

बरगड्या कण्यात बसल्या की लगेच फळ्या चिकटवायला धावू नकोस. एक लांब पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नुसती टेकवून बघ. जिथं ती बरगडीवर अडते तिथं पॉलिश पेपरनं घास, जिथं हवेत राहते तिथं पातळ ढलपी चिकटव. पट्टी सगळ्या बरगड्यांवर सारखी टेकेपर्यंत हेच काम.

मग हिशोब. समज, मधल्या बरगडीवर काठापासून कण्यापर्यंत ९० मिलिमीटर भरले आणि नाळेपाशी ५४. पट्टी ५ मिलिमीटरची असेल तर मध्ये १८ लागतील. त्याच १८ नाळेपाशी मावायच्या तर प्रत्येकीचं टोक ३ मिलिमीटरवर आलं पाहिजे. न मोजता चिकटवत गेलीस तर पुढं पट्ट्या एकमेकींवर चढतात. टोक निम्म्याहून बारीक मात्र करू नकोस, चिरतं. तशी वेळ आली तर एखादी पट्टी अलीकडेच थांबव. पट्टी गरम पाण्यात भिजवून चिमट्यांनी आकारावर धर आणि पूर्ण वाळू दे. ओली चिकटवलीस तर वाळताना आखडते आणि फट पडते. म्हणूनच फळ्यांचं काम पावसाळ्यात नको. आपल्याकडे जुलैत लाकूड फुगतं आणि मे महिन्यात तडकतं. पावसात दोऱ्यांना मेण लाव, डोलकाठ्या तास.

पट्ट्या बरगड्यांवर पक्क्या करायच्या खुंट्यांसाठी तर आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही! बांबूची सालीजवळची काडी घे, सोनार तार ओढतात त्या भोकांच्या पट्टीतून मोठ्या भोकाकडून लहान भोकाकडे ओढत ने. बांबूचे धागे उभे आणि लांब असतात, म्हणून काडी दाभणाहून बारीक झाली तरी तुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी नेहमी जोडीनं लाव, एक डावीकडे, लगेच दुसरी उजवीकडे. एकच बाजू भरत गेलीस तर वाळणारा गोंद कण्याला ओढतो आणि अख्खं जहाज पिळवटतं. ते तुला दिसणार नाही, कारण तासन्‌तास तेच बघून डोळा वाकड्याला सरळ मानायला लागतो. समोर बसलेलीला ते एका नजरेत दिसतं. म्हणून या कामात सोबत लागतेच. ‘आपल्या धानोऱ्यात समुद्र कुठाय, जहाज कशाला?’ म्हणणारे भेटतील, त्यांना कठाणी, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा समुद्रापर्यंतचा रस्ता सांग आणि एक स्टूल पुढं कर.

शेजारच्या लेखा-मेंढा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. सोबतीनं काम करायची तिथली एक पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. अभ्यासगटात नुसतं समजून घ्यायचं, बोलायचं, निर्णय ग्रामसभेत. तुमच्या टेबलावरही बोलावं सगळ्यांनी, ठरवावं जिचं जहाज तिनं. विचारल्याशिवाय दुसरीच्या कामाला हात लावायचा नाही. नुसतं ‘छान’ म्हणून सुटायचं नाही, कितव्या बरगडीवर काय खटकतं ते सांगायचं. उरलेली पट्टी फेकायची नाही, पुढच्या मुलीला द्यायची.

पहिली जोडी लावलीस की जहाज उलटं धर आणि मैत्रिणीला कण्याच्या रेषेत बघायला लाव. ‘वाकडं आहे’ म्हणाली तर रुसू नकोस. गोंद ओला आहे तोवर सरळ करून घे.