खोकताना लघवी सुटते? पिशवी काढू नका!

पाटोद्याकडच्या ऊसतोड करणाऱ्या भगिनी मला दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, मोळी उचलली की लुगडं ओलं होतं. पिशवी काढून टाकू का?" मुळीच नको! गर्भपिशवी काढून ही तक्रार जात नाही. (आपल्या जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारी चौकशी झाली, ते आठवत असेलच.) बाळंतपणांनी व ओझ्याने मूत्रमार्गाचा आधार सैल पडतो, दोष तिथे असतो. आधी तीन महिने, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळण्याचा व्यायाम रोज करावा. गुण न आल्यास मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवतात, कृत्रिम जाळीची किंवा स्वतःच्याच पोटाच्या पडद्याची. जाळीचे काम सोपे, पण काहींना ती पुढे टोचते. नंतर निदान सहा आठवडे मोळी उचलायची नाही. म्हणून कारखान्यावर निघण्याच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया करू नये.