बर्णबाला काय दिसलं?

वाचन: प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६

अंत्युखियात ग्रीक लोकांना सुवार्ता कुणी सांगितली? कुप्र आणि कुरेनेच्या काही जणांनी. त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत! खबर यरुशलेमला पोचली आणि तिथल्या मंडळीने बर्णबाला पाठवलं. तो विचारू शकला असता, परवानगी कुणाची घेतली? हे नवे लोक आपले नियम पाळतात का? पण त्याला देवाची कृपा दिसली आणि तो आनंदला. (नुसता आनंदून बसला नाही हं. तार्सला जाऊन शौलाला शोधून आणलं, आणि दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं.)

आपण उपासनेनंतर काय बोलतो? माईक नीट नव्हता, संदेश लांबला. मागच्या बाकावर कुणी पहिल्यांदाच येऊन डोळे पुसत होतं, ते दिसलं का? या रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसाल?