डब्याचा कॅमेरा : पाहणे आणि पडताळणे

प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, हे विधान प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. परंतु ते पडताळून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. पाठ्यपुस्तकही त्याला अपवाद नाही, असे आम्ही मानतो. म्हणूनच सूचिछिद्र कॅमेऱ्याची आकृती काढून न थांबता तो हाताने करावा, असा आमचा आग्रह आहे.

साहित्य अल्प आहे. दुधाच्या भुकटीचा, सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा व आतून त्याला चमक नसलेला काळा रंग द्यावा. बाजूला खिळ्याने भोक पाडून त्यावर शीतपेयाच्या डब्याच्या पातळ पत्र्याचा तुकडा काळ्या चिकटपट्टीने बसवावा. या तुकड्याला बारीक सुईच्या टोकाने आधीच छिद्र पाडून, कडा पॉलिश पेपरने घासून घेतलेल्या असाव्यात. साऱ्या चित्राची गुणवत्ता या छिद्रावर अवलंबून असते. छिद्र मोठे झाले की चित्र धूसर होते, हे मुलांना सहज पटते. फार लहान झाले तरी ते धूसरच होते, हे मात्र पटत नाही. अतिसूक्ष्म छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये या प्रश्नाचा विचार केला होता. आपल्या डब्यासाठी सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. अधिक बारीक म्हणजे अधिक चांगले, ही समजूत येथे टिकत नाही.

लाल दिव्याच्या खोलीत छिद्रासमोरच्या भिंतीला ब्रोमाइड पेपर लावून झाकण बंद करावे आणि छिद्रावर चिकटपट्टी ठेवावी. बाहेर डबा दगडाने दाबून स्थिर करावा व पट्टी काढावी. कडक उन्हात पाऊण ते एक मिनिट पुरते. ढगाळ दिवशी कित्येक मिनिटे लागतात. नंतर डेव्हलपर, पाणी व हायपो या क्रमाने कागद धुतला की उलटे चित्र मिळते : डोके खाली, आकाश काळे. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते, तीही याच नियमाने. या चित्रावर दुसरा कागद समोरासमोर ठेवून, काचेखाली दाबून क्षणभर उजेड दिला म्हणजे सुलट छायाचित्र तयार होते.

खरा अभ्यास येथून सुरू होतो. मैदानातून चालत गेलेली माणसे चित्रात उमटतच नाहीत. ध्यानाला स्थिर बसलेली मुले तेवढी स्पष्ट येतात. (मुलांना स्थिर बसविण्याचा याहून परिणामकारक उपाय आम्हांला ठाऊक नाही!) बाबासाहेबांच्या पुतळ्याचा निळा कोट जवळजवळ पांढरा दिसतो आणि लाल टाय काळा. पंचशील ध्वजातील निळा व पांढरा पट्टा उजळ येतो. लाल, नारिंगी आणि पिवळा काळवंडतात. मग छायाचित्र खोटे म्हणावे काय? तसे नव्हे. हा कागद मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, तांबड्याला जवळजवळ नाही. म्हणून तर लाल दिव्याखाली तो हाताळता येतो. जे दिसते ते कोणत्या कारणांमुळे आणि कोणत्या परिस्थितीत दिसते, हा प्रश्न पटिच्चसमुप्पाद शिकणाऱ्या मुलांना परका वाटू नये. वर्तमानपत्रातील व भ्रमणध्वनीवरील प्रत्येक चित्रालाही तो विचारला पाहिजे.

ब्रोमाइड पेपर आता सहज मिळत नाही व महागही पडतो. तो नसल्यास डब्याची मागील बाजू कापून तेथे पातळ तेलकट कागद ताणावा. प्रतिमा डोळ्यांनी पाहता येते. ग्रहणासाठी तर पुठ्ठ्यातील एक छिद्रही पुरेसे आहे. छिद्रातून सूर्याकडे कदापि पाहू नये. सूर्याकडे पाठ करून पांढऱ्या कागदावर पडलेली प्रतिमा पाहावी. कागद छिद्रापासून एक मीटरवर असल्यास ती सुमारे नऊ मिलिमीटरची येते. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर मुंबई-पुण्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. दिवस पावसाळ्याचे आहेत. तरी आकाश उघडे मिळाल्यास मुलांना दारे-खिडक्या लावून घरात कोंडू नये, पुठ्ठा हाती देऊन अंगणात आणावे.